भुखनलालच्या डोळ्याने पसरवलेली साथ

तोंड हा शरीराचा भाग नाही, हे सर्वमान्य सत्य आहे. हृदय, मूत्रपिंड, डोळे ही शरीराची खाती; तोंड ही स्वायत्त संस्था. तिच्या कारभारात खात्यांनी नाक खुपसू नये आणि तिनेही खात्यांच्या भानगडीत पडू नये, असा जुना समझोता आहे.

छत्तीसगडात, धमतरीच्या अलीकडच्या आमच्या कसब्यात हा समझोता फार निष्ठेने पाळला जातो. सकाळी तळ्याच्या घाटावर एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष बसतात आणि बोटाने गुडाखू घासतात. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लेप, मशेरीचा गोडबोल्या मावसभाऊ. त्याने दात स्वच्छ होतात, पोट साफ होते, डोके ताळ्यावर येते आणि मोहल्ल्यात कोणाचे कोणाशी फाटले हेही कळते. इतके गुण एका डबीत भरणाऱ्या माणसाचा अजून सत्कार झालेला नाही. मी इथे गणिताचा मास्तर म्हणून आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला डबी मिळाली. रेशनकार्ड पुष्कळ नंतर मिळाले.

घाटाचे वैद्यकशास्त्र सोपे आहे. हिरडीतून रक्त आले तर गरमी बाहेर पडते आहे असे समजावे आणि गुडाखू दोनदा घासावा. दात हलू लागला तर तीनदा. दात पडला तर दुखणे मुळासकट गेले म्हणून मित्रांना चहा पाजावा. या शास्त्राचे प्रमुख आमचे पंचराम देवांगन. "माझी आई नव्वदीपर्यंत घासत होती," हा त्यांचा आधारग्रंथ. (शेवटची तीस वर्षे ती नुसत्या हिरड्याच घासत होती, कारण दुसरे काही उरले नव्हते. पण शास्त्रात असले तपशील घेत नाहीत.)

अशा सुखी घाटावर भुखनलाल साहू यांची साखर वाढली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात नुकतीच नात झालेली. भुखनलाल नातीला आवाजावरून ओळखत. केजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, तिला घाटावर आणून त्यांच्या मांडीवर ठेवली की ते तिच्या नाकावरून, गालावरून बोट फिरवत आणि विचारत, "कोणावर गेली गं?" केजाबाई म्हणत, "तुमच्यावर नाही, देवाची कृपा." घाट हसायचा, भुखनलालही हसायचे, पण त्यांना ते तोंड बघायचे होते आणि ते ऐकणाऱ्यालाही कळायचे. डोळ्यांचे डॉक्टर मात्र सांगत, आधी साखर खाली आणा, मग ऑपरेशन.

भुखनलाल साखरेच्या मागे हात धुऊन लागले. आधी चहातली साखर सोडली. मग आंबा. मग बासी. रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात सकाळी कांद्यामिठाशी खाल्ल्याशिवाय आमच्याकडे दिवस सुरू होत नाही, तोही त्यांनी सोडला आणि रडले. औषधाच्या गोळ्या वेळेवर घेतल्या. तणावाने साखर वाढते असे कोणी सांगितल्यावर मेहुण्याशी बोलणे टाकले. (साखर तशीच राहिली; मेहुण्याची तब्येत मात्र सुधारली.) गुडाखू सोडण्याचा प्रश्नच नव्हता. तो गिळत नाहीत, थुंकतात. थुंकलेली वस्तू शरीराला कशी लागणार?

पुढच्या नेत्रशिबिरातही त्यांना परत पाठवले. शिबिर शाळेत होते. डोळे, साखर, रक्तदाब यांची टेबले वर्गांत मांडली होती. दातांचे टेबल समझोत्यानुसार सायकल स्टँडमध्ये. तिथे डॉ. नेताम नावाची तरुण मुलगी एकटी बसली होती. पण मागे रेलता येईल अशी खुर्ची साऱ्या शिबिरात तिच्याकडेच होती, म्हणून दुःख करायला भुखनलाल तिथे जाऊन टेकले. मी त्यांची काठी धरून उभा होतो.

"आ करा, कका."

"बाई, बिघाड वरच्या मजल्यावर आहे. तुम्ही तळघर कशाला उघडता?"

"खुर्चीचं भाडं समजा. करा आ."

तिने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "हिरड्यांतून रक्त येतं?"

"मला दिसतच नाही तर सांगू कसा? आणि गुडाखूची थुंकी काळीच असते."

"सगळ्या दातांभोवती आतून घाव आहे. सगळा उलगडून मांडला तर तळहाताएवढा भरेल. एवढा घाव पायाला असता तर?"

"हॉस्पिटलात पळालो असतो."

"मग तोंडात आहे म्हणून घाटावर जाऊन त्याला तंबाखू चोळता होय? तिथले जंतू रक्तात उतरतात, शरीर सदा त्यांच्याशी भांडत राहतं, मग साखर हटत नाही. हृदयालाही हे चांगलं नाही. गोळ्या सोडू नका. पण एका खोलीत आग ठेवून बाकीच्या घरावर पाणी मारणं बंद करा."

भुखनलालांनी मला विचारले, "मास्तर, ही खरं बोलते?" माझ्या तोंडात तेव्हा गुडाखू होता. मी मान डोलावली.

त्यांनी डबी तळ्यात टाकली. पहिले काही दिवस डोके दुखले, पोट रुसले, आणि त्यांनी मेहुण्यालाही नव्याने शिव्या दिल्या. हिरड्यांची आतून सफाई झाली, पुन्हा पुन्हा झाली. पंचराम घाटावर म्हणाले, "दात घासून डोळे उघडत असते तर मगर ज्योतिषी झाली असती." पण काही महिन्यांनी साखर हलली, हळूहळू उतरली आणि एका डोळ्याचे ऑपरेशन झाले.

पट्टी काढली तेव्हा केजाबाईंनी नात पुढे धरली. भुखनलाल कितीतरी वेळ बघत राहिले. "माझ्यावरच गेली आहे," ते म्हणाले. केजाबाई खळखळून हसल्या. ते हसता हसता थांबले. "तुझ्या दातांना रक्त आहे गं. कधीपासून?"

"असतंच ते. गरमी आहे."



इथवर सगळे मंगल होते. पण भुखनलाल त्या डोळ्यानिशी घाटावर आले. "पंचराम, तुझी थुंकी लाल आहे. बिसाहू, तुझीही. मास्तर, तुम्ही तर बोलूच नका."

घाटाने तातडीची सभा घेतली. आकडे बोलके होते: भुखनलालच्या ऑपरेशनआधी घाटावर रक्त येणारे शून्य, ऑपरेशननंतर अकरा. साथ त्या डोळ्यापासूनच पसरली हे गणिताने सिद्ध होते (गणित मी तपासले). त्यांनी यापुढे गुरांच्या घाटावर आंघोळ करावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला. ते आनंदाने गेले. केजाबाई तिसऱ्या दिवशी डबी घाटावर ठेवून त्यांच्यामागे गेल्या. आता दोघे तिकडे नातीला खेळवतात आणि म्हशींच्या दातांचे कौतुक करतात.

तुम्ही हसलात. हसा, तुम्ही सुशिक्षित आहात, ब्रशने दात घासता, गुडाखूला हातही लावत नाही. फक्त एवढे सांगा: आज सकाळी बेसिनमध्ये थुंकलात, तेव्हा आधी पाहिलेत, की आधी नळ सोडलात?