दोन काठांचा अबोला

ग्रंथपाल आणि त्यांची बायको यांच्यातला अबोला पुस्तकांच्या उंचीवरून सुरू झाला. ग्रंथपाल वाचनालयात गेलेले असताना बाईंनी घरातलं पुस्तकांचं कपाट आवरलं आणि विषयवार लावलेली सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे उभी केली. डावीकडे बुटकी, उजवीकडे उंच. संध्याकाळी ते पाहून ग्रंथपाल एवढंच म्हणाले, "ही काय शाळेतली कवायत आहे?" बाई म्हणाल्या, "कवायत असती तर अंगावरची धूळ तरी झटकली गेली असती." झालं. त्यानंतर दोघांमध्ये शब्द नाही.

आता अबोला कुठल्या घरात होत नाही? पण इथे दोघंही त्यातले मुरलेले गडी. ग्रंथपालांचा उभा जन्म वाचकांना "श्श" करण्यात गेलेला. दाराशी आलेल्या दूधवाल्यालाही ते इतक्या हळू हाक मारत की तोवर तो पुढच्या गल्लीत पोचलेला असे. बाई बसस्थानकावर माइकवरून गाड्यांच्या घोषणा करायच्या. दिवसभर बोलण्याचा पगार मिळत असल्यामुळे घरी फुकट बोलायची त्यांना मुळीच हौस नव्हती. आधी बाईंनी "अहो" म्हणायचं की ग्रंथपालांनी "अगं", एवढाच काय तो प्रश्न होता, आणि दोघंही हटायला तयार नव्हते.

मधल्या मध्ये लेकीचं भरीत होत होतं. "बाबांना सांग, इस्त्रीचे कपडे आलेत." "आईला सांग, मला दिसतायत." दोघं एकाच सोफ्यावर, आणि ही मध्ये बसून निरोप इकडचे तिकडे करतेय. तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने निघायचं होतं आणि बॅग अजून रिकामीच होती.

"मी गेल्यावर तुमचे निरोप कोण पोचवणार? शेजारच्या काकूंना पगार देऊन ठेवू?" ती शेवटी वैतागून म्हणाली. "हे बघा, आज संध्याकाळपर्यंत तुम्ही बोलायला लागला नाहीत, तर मी फोन करून कळवते की मी येत नाही. नोकरी गेली खड्ड्यात."

आणि तिनेच दोघांना कालव्यावर पिटाळलं. शहराबाहेरच्या त्या कालव्याच्या दोन्ही काठांनी खास सायकलींसाठी वाट होती. मोटारी, मोटरसायकली, सगळ्यांना बंदी. पुलाजवळच्या दुकानातून तिने दोन सायकली भाड्याने घेऊन दिल्या. बाबांच्या टोपलीत जेवणाचा डबा ठेवला आणि आईच्या टोपलीत हवा भरायचा पंप. एकाला दुसऱ्याची गरज पडावी, हा तिचा डाव. तो नको इतका साधला.

"कुठल्याही काठाने जा," दुकानदार म्हणाला. "पुढच्या पुलाशी दोन्ही वाटा एकत्र येतात." पुढचा पूल किती लांब आहे हे विचारायला हवं होतं. पण दुसरा विचारेल असं दोघांनाही वाटलं. कुठल्या काठाने जायचं हेही ठरवायला हवं होतं, पण ठरवायला तोंड उघडावं लागतं. ग्रंथपाल डाव्या काठाने निघाले. बायको मागून येईलच. बाईंनी पूल ओलांडून उजवा काठ धरला, कारण तिकडे सावली होती. नवरा मुकाट्याने वळेलच. बऱ्याच वेळाने दोघांनी एकदमच शेजारी पाहिलं, तर शेजारी पाणी.

खरं सांगायचं तर तसं छान चाललं होतं. हॉर्न नाही, धूर नाही, मागून कोणी अंगावर येईल ही धास्ती नाही. चाकांखाली वाळकी पानं चुरचुरत होती, आणि सायकली पाहूनही बदकं जागची हलत नव्हती. ग्रंथपालांना इतकी शांतता वाचनालयातही कधी मिळाली नव्हती. बाईंचा वेग कमी झाला की ते गुपचूप पायडल मारणं थांबवायचे. ते मागे पडले की बाईंना नेमकी साडी सावरायची असायची. पण मान वळवून उघडपणे पाहायचं, ते मात्र कोणी करत नव्हतं.

तेवढ्यात ग्रंथपालांच्या मागच्या चाकातली हवा गेली. फुस्सकन नाही, त्यांच्या स्वभावाला साजेशी, अगदी हळूहळू. ते उतरले. पलीकडे बाईही उतरल्या, आणि पाण्याकडे पाहत असल्याचं भासवत उभ्या राहिल्या.

ग्रंथपालांनी दोन्ही मुठी एकावर एक धरून वरखाली केल्या; म्हणजे पंप. बाईंना वाटलं, हे ताक घुसळतायत, म्हणजे यांना तहान लागलीय. त्यांना स्वतःला तर भूक लागली होती. त्यांनी पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेली, म्हणजे डबा. ग्रंथपालांना वाटलं, ही म्हणतेय, तोंड बंद ठेवा. आता बंद तोंड आणखी किती बंद ठेवायचं? ते चिडले आणि त्यांनी पाठ फिरवली.

तिथे झाडाखाली गळ टाकून एक आजोबा बसले होते. ग्रंथपाल त्यांच्या कानाशी वाकले. "पलीकडच्या त्या बाईंना जरा सांगता का, हवा भरायचा पंप हवाय म्हणून?"

"तुम्हीच सांगा की."

"आमचं बोलणं नाही."

"कोण लागतात तुमच्या?"

"ओळखीच्या आहेत," ग्रंथपाल म्हणाले.

आजोबांनी एकदा इकडे, एकदा पलीकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. "सकाळपासून आत्ता कुठे एक मासा जवळ आलाय. मी ओरडलो की तो जायचा. तुमच्या घरच्या भांडणात माझं जेवण कशाला घालवता?" पण ग्रंथपाल हलेनात, तेव्हा त्यांनी नाइलाजाने हाक दिली, "ओ बाई, तुमचे ओळखीचे पंप मागतायत." मासा गेला.

'ओळखीचे' हा शब्द बाईंना झोंबला. उत्तर द्यायची खाज सुटली, पण देणार कसं? आणि मग त्यांना वाट सापडली. घोषणा म्हणजे काही बोलणं नव्हे. घोषणा सगळ्यांसाठी असते. त्यांनी घसा साफ केला आणि बसस्थानक दणाणून सोडणारा तो आवाज पाण्यावरून आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. डाव्या काठावर चाक घेऊन थांबलेल्या, निळा शर्ट घातलेल्या प्रवाशाने आपल्याजवळचा डबा घेऊन त्वरित पुढच्या पुलाकडे यावे. या प्रवाशाची ओळख पटलेली नाही."

आता हा आवाज गावातल्या प्रत्येकाच्या कानात बसलेला. वर्षानुवर्षं तो ऐकला की माणसं पिशव्या उचलून पळत आलेली. काठावर फिरायला आलेली माणसं जागच्या जागी थांबली. एका गृहस्थांनी सवयीने घड्याळ पाहिलं. दोन सायकलवाले ग्रंथपालांपाशी येऊन म्हणाले, "निळा शर्ट तुमचाच ना? बोलावतायत तुम्हाला. चला, गाडी लागली असेल."

"कसली गाडी? इथे गाड्यांना बंदी आहे," ग्रंथपाल कुजबुजले.

"काय म्हणतायत?" मागच्यांनी विचारलं.

"गाड्या बंद आहेत म्हणे," पुढच्यांनी सांगितलं. मग गाड्या का बंद, कधीपासून, आणि भाडं परत मिळणार का, यावर तावातावाने चर्चा सुरू झाली. ज्या काठावर मघाशी पानांचा आवाज ऐकू येत होता, तिथे स्वतःचा आवाज ऐकू येईना. आजोबांनी गळ गुंडाळला, पुन्हा उलगडला आणि कपाळाला हात लावला.

पलीकडून बाईंना दिसलं ते एवढंच: आपल्या गरीब नवऱ्याला घोळक्याने घेरलंय आणि त्याचे नुसतेच ओठ हलतायत. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. पंप हवाय ना, तर घ्या पंप. त्यांनी टोपलीतून पंप काढला, एक हात सायकलवर तसाच ठेवून दुसरा मागे नेला आणि नेम धरून भिरकावला. पंप निम्म्यात पडला. पण फेकण्याच्या झटक्याने सायकल उताराला लागली, सायकलबरोबर बाई निघाल्या आणि दोघी धप्पकन कालव्यात गेल्या.

ग्रंथपालांनी सायकल तिथेच टाकली. कपाट नाही, पुस्तकं नाहीत, अबोला नाही, डोळ्यांपुढे काहीच उरलं नाही.

"अगं!"

हा आवाज कुठून आला हे पाहायला सगळा घोळका मागे वळला. बदकं उडाली. "अगं, काठ धर! आलो मी!" म्हणत ग्रंथपाल बुटांसकट उतारावरून पळत सुटले.

"अहो, थांबा," पाण्यातून उत्तर आलं. "उभी आहे मी. गुडघ्याएवढंच तर पाणी आहे."

"लागलं का कुठे?"

"नाही हो. तुम्ही उतरू नका, तुम्हाला सर्दी होते."

पलीकडे फिरायला आलेल्या दोघांनी बाईंना आणि सायकलीला वर ओढलं. आजोबांनी गळ टाकून पंप काढला. दिवसभरात त्यांना मिळालेला तेवढाच. ग्रंथपालांनी तो मागितला तेव्हा ते जरा नाखुशीनेच म्हणाले, "घ्या. पण इथे भरू नका हवा. पुढे जा."

चाकात हवा भरूनही ग्रंथपाल सायकलवर बसले नाहीत. बाईंच्या चाकाला बाक आला होता, त्या चालत होत्या, म्हणून ते डाव्या काठाने चालत राहिले. पूल चांगलाच लांब निघाला, पण साठलेलं बोलणंही तेवढंच होतं. सगळं पाण्यावरून, ओरडून.

"पुस्तकं पुन्हा लावीन हो मी विषयवार."

"राहू दे गं. उंचीनेही बरी दिसतात."

मधूनच बाई थांबल्या. "अहो, आपण बोललो हे घरी कळलं, की ती उद्या जाणार."

ग्रंथपालही थांबले. 'नोकरीवर जात नाही' ही लेकीची नुसती धमकी आहे, असंच तोवर दोघांनी धरलं होतं. आता दोघांच्या मनात एकच आलं: घरी दोनच खोल्या, आणि त्या रिकाम्या.

"मग नको कळायला," ग्रंथपाल ओरडले. "एक आठवडाभर."

"महिनाभर," बाई ओरडल्या.

रात्री जेवताना दोघांनी काम चोख केलं. "बाबांना सांग, आमटी वाढू का." "आईला सांग, थोडी." लेक एकदा बाबांकडे, एकदा आईकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला, तेव्हा दोघांनाही घास गिळवेना. पण गिळला. तिने फोन हातात घेतला, आणि मग खाली ठेवला.

"आई, तुझा आवाज का बसलाय?"

"वारा होता कालव्यावर."

"आणि बाबा, तुमचा?"

ग्रंथपालांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आतून नुसती खरखर आली. बाबांचा घसा बसलेला तिने जन्मात पाहिला नव्हता. आमटी घेत ती सहज म्हणाली, "म्हणजे उद्या सकाळी माझ्या गाडीची घोषणा कोण करणार?"

बाईंनी संधी साधली. "तेच म्हणते मी. घोषणेशिवाय गाडी सुटतच नाही."

चुकीची माहिती ऐकून गप्प बसणं ग्रंथपालांना कधी जमलं नव्हतं. "सुटते गं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तू रजेवर असतेस तेव्हाही सुटतेच की."

लेकीने झटकन मान वर केली. ग्रंथपालांनी हळूच तोंडावर बोट ठेवलं, पण आता उशीर झाला होता. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की कपाटातली उंच पुस्तकंही बुटकी झाली असती. मग त्या लेकीकडे वळल्या.

"सांग तुझ्या बाबांना, माझ्याशी बोलू नका म्हणावं."

लेक ताट उचलून उठली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"तूच सांग, आई. मला बॅग भरायचीय."