रिव्हर्स गिअरमधील प्रदक्षिणा

प्रदक्षिणेच्या मार्गावर एकेरी वाहतुकीचा बाण असावा आणि तो नेमका उलट दिशेचा असावा, ही शक्यता एकनाथरावांच्या धर्मशास्त्रात कोठेही विचारात घेतलेली नव्हती.

ॲरिझोनाच्या वाळवंटात, नवाहो या मूलनिवासी लोकांच्या भूमीवर, तांबड्या पाषाणाचा तो पवित्र सुळका एकटाच उभा होता. सांगलीच्या पाठशाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या एकनाथरावांनी गाडीतूनच हात जोडले होते. "साक्षात शिवलिंग!"

ते येथवर आले होते ते संकल्प करून. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाचे, प्रथमेशचे, ग्रीन कार्ड कित्येक वर्षे अडले होते. सांगलीत अभिषेक करून झाले, गुण आला नाही. तेव्हा एकनाथरावांनी निर्णय दिला, "तिकडच्या देवाला इकडच्या ऑफिसातलं काम सांगणंच चूक. ज्यांची मूळ भूमी, त्यांच्या दैवताला विचारावं."

फाटकापाशी श्रीमती बिगे या नवाहो वाटाड्या बाईंनी नियम सांगितले. सुळक्यावर चढायचे नाही, खडाही उचलायचा नाही. सभोवतालच्या कच्च्या रस्त्याने गाडी मात्र न्यावी. एकनाथरावांनी मुलाकरवी स्थानाची कथा विचारली. ती केवळ हिवाळ्यात सांगतात, असे उत्तर आले. ते प्रसन्न झाले. "बघ, यांच्यातही अनध्याय पाळतात, पठणाला वर्ज्य काळ."

श्रीमती बिगे आपल्या पिकअपमधून पुढे निघून गेल्या आणि मग तो बाण दिसला. त्याच्या आज्ञेने गेले, तर देव डाव्या हाताला येत होता.

"मी अप्रदक्षिणा करणार नाही," एकनाथराव म्हणाले.

"बाबा, राँग वेने ड्राइव्ह करताना पकडलं आणि तिकीट मिळालं, तर ग्रीन कार्ड विसराच!"

एकनाथरावांनी क्षणभर डोळे मिटले. "बाण गाडीच्या तोंडाला लागू आहे. तोंड बाणाप्रमाणेच ठेव. गाडी मागे ने."

"पूर्ण राउंड रिव्हर्समध्ये?"

"संकल्प सोडलेला आहे."

प्रथमेशची आई मालिनीबाई म्हणाल्या, "ने रे बाबा. नाहीतर हे पायी निघतील."

गाडी मागे सरकू लागली. तरीही पुढे पाहणाऱ्या एकनाथरावांच्या डावीकडेच सुळका राहिला. तेव्हा ते मागील आसनावर गुडघे टेकून मागच्या काचेकडे तोंड करून बसले. देव उजवीकडे आला. त्यांनी रुद्र आरंभला.

"बाबा, डोकं खाली! मला मागचं काहीच दिसत नाहीये, यार!"

"नमस्कारात मस्तक खालीच असतं," म्हणून ते वाकले आणि त्याच क्षणी कोरड्या ओढ्याच्या काठावरील वाळूत मागची चाके रुतली. प्रथमेशने ॲक्सिलरेटर दाबला. चाके अधिक रुतली. त्याने पुन्हा दाबला. पाठ मात्र अखंड चालू होता.

"अहो, मागच्या काचेतून कुणी येताना दिसतंय का बघा तरी!" मालिनीबाई ओरडल्या.

"येत आहेत. मघाच्याच बाई."

फेरी पूर्ण करून परतणाऱ्या श्रीमती बिगे ओढा ओलांडून आल्या. आसनावर गुडघे टेकलेल्या वृद्धाकडे पाहून त्यांनी हकीकत विचारली. प्रथमेशने लाजत सर्व सांगितले.

त्या म्हणाल्या, "आम्हीही घरात शिरलो की सूर्याच्याच दिशेने, तुमच्या प्रदक्षिणेसारखेच फिरतो. बाण केवळ गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून आहे. आधी सांगितलं असतं, तर पायवाट दाखवली असती."

त्यांनी गाडीच्या पुढच्या बाजूला दोर बांधला आणि पिकअपने गाडी फाटकाकडे ओढू लागल्या. जेवढे पुण्य मागे जाऊन जोडले होते, तेवढे आता पुढे जाऊन उलगडू लागले. एकनाथरावांचा चेहरा उतरला.

"अहो," मालिनीबाई हळूच म्हणाल्या, "शंकराची पन्हळ ओलांडतात का कधी? तिथून मागेच फिरायचं ना? तो ओढा म्हणजे पन्हळच की!"

एकनाथरावांनी झटकन ओढ्याकडे वळून पाहिले. पाठशाळेत इतकी वर्षे शिकवलेले त्यांना ऐन वेळी आठवले नव्हते. "अगं, यथासांग झाली की!" म्हणत त्यांनी सुळक्याला दंडवत घातले, जागेअभावी अर्धेच.

फाटकापाशी दोर सोडताना श्रीमती बिगे यांनी विचारले, "एवढं मागितलं तरी काय?"

"इथे राहायची परवानगी," प्रथमेशने सांगितले.

त्या पिकअपला टेकून पोटभर हसल्या. "इतके लोक आले, राहिले. आधी विचारायला आलेले तुम्हीच पहिले."

"मग काय म्हणाल्या त्या?" एकनाथरावांनी आतुरतेने मुलाला विचारले.

श्रीमती बिगे यांनी त्यांची आतुरता ओळखून सुळक्याकडे पाहिले. "हिवाळ्यात या. तेव्हा कथाही ऐका आणि उत्तरही."

प्रथमेशने कपाळाला हात लावला. "म्हणजे इथेही वेटिंगच!"