आधी बाटली, मग बोलणं

शंकरराव कंपौंडरांना कोणी रामराम घातला, की ते रामराम म्हणायच्या ऐवजी रिकामी बाटली पुढे करायचे. "आधी बाटली, मग बोलणं," हे त्यांचं ब्रीद. मग माणूस तापाने फणफणलेला असो, खरजेने खाजवत असो, नाहीतर नुसता पायात काटा मोडून आलेला असो. जव्हार संस्थानच्या त्या दवाखान्यात मी नोंदणी कारकून होतो, आणि त्या बाटलीचा मला इतका वीट आला होता की सांगायची सोय नाही.

त्यांचं टेबल खिडकीशी आणि माझं त्यांच्या टेबलाशी. तेव्हा वाऱ्याचा पहिला मान माझा. बाटल्या पेठेतल्या रहिमचाचा अत्तरवाल्यांकडून यायच्या, त्यामुळे गुलाब, हिना आणि ते, असा तिहेरी वास दिवसभर नाकात. डोंगरातल्या माणसांना चिठ्ठी वाचता येत नाही म्हणून शंकरराव बाटलीच्या गळ्याला रंगीत दोरा बांधत. हिरवा दोरा म्हणजे पोशेऱ्याची म्हातारी, पिवळा म्हणजे मोखाड्याचा लोहार. माणसांची नावं ते विसरत, दोरा कधी विसरत नसत.

लघवी हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. 'पाणी' म्हणायचे. "विष्णुपंत, जीभ खोटं बोलते, नाडी लाजते, पाणी तेवढं खरं सांगतं." हे मी नऊ वर्षं ऐकलं. स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरून एक डोळा मिटून उभे राहायचे. निळ्या औषधात पाणी उकळून विटेसारखं लाल झालं की साखर. नुसतं तापवून वर पांढरट गढूळ आलं, आणि ॲसिडचे दोन थेंब टाकूनही ते हटलं नाही, की मूत्रपिंडाचं दुखणं. पेठेतल्या मिठाईवाल्याची नळी लाल झाली तेव्हा तो म्हणाला, "धंदाच तसा आहे हो, अंगाला लागायचीच." त्याला समजावण्यात शंकररावांची सबंध सकाळ गेली, आणि रांग सांभाळण्यात माझी.

माझ्याही मागे लागत. "तुमचं एकदा पाहू." मी म्हणायचो, मी ठणठणीत आहे. "ठणठणीत माणसंच पटकन जातात." मी काही दिलं नाही. शेजारी बसणाऱ्या माणसापासून काहीतरी झाकलेलं असावं, एवढीच माझी अपेक्षा.

दवाखान्यामागच्या खोलीत ते एकटे राहत. एक पातेलं, एक ताट. दवाखान्याचं टपाल माझ्या हातून जायचं, म्हणून मला माहीत आहे. नऊ वर्षांत त्यांच्या नावाचं एक कार्डही आलं नाही.

तर एकदा वांगणीचा चिंधूबाबा खोकल्यासाठी आला. त्यालाही बाटली मिळाली, उद्या सकाळचं पाणी आण म्हणून. दोन दिवसांनी तो आला तो काखेत भोपळ्याचा तुंबा घेऊन, काठोकाठ भरलेला.

"एवढं?" शंकरराव.

"आख्ख्या घराचा हाय, डाक्तर. सात मान्सांचा."

मी कपाळाला हात लावला. पण त्याचं त्याच्या परीने बरोबर होतं. आजारपणात भगताकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिकाकडे, दाणे दाखवायला न्यायचे, तर घरातला प्रत्येकजण आपल्या हातचे दाणे त्यात टाकतो. दवाखाना म्हणजे सरकारी भगत. एकट्याचं नेऊन कसं चालेल?

मी म्हटलं, ओतून द्या. शंकररावांनी नळी तापवली. गढूळ आलं. ॲसिड टाकलं, हटेना. त्यांनी दुसरी नळी तापवली, मग तिसरी.

"घरात कोणी गरोदर आहे?"

"धाकली सून. सोनी. आठवा लागला."

"तिचं डोकं दुखतं? पाय सुजलेत?"

"पाय तं सुजतातच. म्हातारी बोलते, पोरगा हाय म्हून."

शंकरराव माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तिचं असेल तर झटके येतील. आई आणि मूल, दोन्ही जातील." चिंधूबाबाला ते सोनीला घेऊन ये म्हणाले. तो काही केल्या तयार होईना. धडधाकट पोरीला दवाखान्यात कशाला न्यायची? डॉक्टरसाहेब दौऱ्यावर होते. शंकररावांनी दिवा, नळ्या आणि सात बाटल्या पिशवीत भरल्या आणि ती पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. दोन ओढे आणि तीन चढ मी त्या सबंध कुटुंबाच्या पाण्याला शिव्या घालत चढलो. माझे गुडघे तेव्हापासून जे बिघडले ते बिघडलेच.

वांगणीला पोचलो. वेगवेगळ्या बाटल्या पाहून चिंधूबाबाची म्हातारी दारातच आडवी बसली. मिसळलेलं दिलं ते दिलं, म्हणाली, त्यात कोण कुठला ते कोणालाच कळत नाही. एकेकट्याचं परक्याच्या हातात गेलं तर एकेकट्यावर करणी होईल. सोनी आत भिंतीला टेकून बसली होती. तोंड सुजलेलं, डोळे जड. अठराचीही नसेल. मला तिच्याकडे बघवेना.

शंकररावांनी समजूत घातली, हात जोडले, एकदा ओरडलेसुद्धा. म्हातारी हलेना. मग ते एक बाटली घेऊन घरामागे गेले आणि भरून घेऊन आले. तिच्या गळ्याला लाल दोरा बांधला आणि ती चिंधूबाबाच्या हातात दिली.

"हे माझं. एकट्याचं. तुमच्या घरात ठेवा. तुमच्या पोरीला माझ्या हातून काही झालं, तर भगताला द्या आणि माझ्यावर काय करणी करायची ती करा."

चिंधूबाबाने बाटली उन्हात धरली, म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी उठली आणि दारातून बाजूला झाली.

मग सगळ्यांनी दिलं. एक बाटली कमी पडली तेव्हा मुलांनी बांबूचं नळकांडं आणलं. सहा नळ्या स्वच्छ निघाल्या. सोनीची तापवली तर पांढरं गच्च दाटलं, नासलेल्या दुधासारखं. शंकररावांनी काही सांगायच्या आधी म्हातारीनेच नवऱ्याला डोली बांधायला सांगितलं.

सोनी महिनाभर दवाखान्यात पडून होती. दूध, रेचकं आणि आडवं राहायची सक्ती. रोज सकाळी शंकरराव नळी धरून उभे, आणि मी वहीत लिहायचो: गढूळ, गढूळ, थोडं कमी. दोनदा वाटलं, गेली. मुलगी झाली, मूठभर. दोघी जगल्या.

पुढे बऱ्याच दिवसांनी चिंधूबाबा आला. फडक्यात गुंडाळलेली, लाल दोऱ्याची बाटली त्याने टेबलावर ठेवली.

"तुमचा जीव परत घ्या, डाक्तर. आमचं काम झालं."

शंकररावांनी ती परत त्याच्याकडे सरकवली. "राहू दे तुमच्याकडे."

"कशाला?"

ते दिव्याची वात उगाच खालीवर करत राहिले. मग म्हणाले, "माझं म्हणून कोणाच्या घरात काही नाही, बाबा. एक असू दे."

चिंधूबाबाने बाटली उचलली, फडक्याला नाक लावलं. मग संकोचून म्हणाला, "ठेवीन. पन ह्याचा वास लई येतो. म्हातारी वरडते. ताजा द्या."

शंकरराव हसले नाहीत. बाटली घेऊन मागे गेले, घासून धुऊन, भरून घेऊन आले. दोरा नवा बांधला. चिंधूबाबाने ती फडक्यात गुंडाळून कमरेला खोचली आणि तो चढाला लागला. ते खिडकीशी उभे राहून बराच वेळ त्या वाटेकडे बघत होते. मला त्या दिवशी लिहायला सुचलं नाही. नऊ वर्षं शेजारी बसून या माणसाला मी एवढंसुद्धा दिलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरून एक बाटली भरून आणली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

शंकररावांनी मान वर केली नाही. दिवा पेटवला.

"नाव?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. त्यांनी निळा दोरा काढला आणि सावकाश बांधायला घेतला.