फक्त बाही राहिलीये

"बँकवाले कागद बघत नाहीत गं, कपडे बघतात! तीस वर्षं लोकांना कपडे घालतोय मी, मला नको सांगूस!"

असं म्हणून मास्तरांनी आरशासमोर छाती फुगवली. फुगवूनही ती चौतीसच भरली. अंगातला कोट मात्र बेचाळीसचा होता.

"अहो, पण हा गिऱ्हाइकाचा कोट आहे ना?" बायकोनं विचारलं. तिच्या ओठांत चार टाचण्या होत्या, त्यामुळे राग नीट बाहेर पडत नव्हता.

"याला ट्रायल म्हणतात! चालवून बघितल्याशिवाय गाडी देतं का कोणी? तू मागून टाचण्या लाव. पुढून कोट बसल्याशी मतलब. बँकेत पाठ कोण बघतंय?"

बायकोनं पाठीवर अकरा टाचण्या लावून कोट आवळला. पुढून मास्तर थेट कंपनीचे मालक दिसायला लागले. मागून ते बांधायला घेतलेली गादी दिसत होते, पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

मास्तर म्हणजे चौकातले शिंपी. हात सोन्याचा! त्यांनी शिवलेला कपडा फाटेल, पण उसवणार नाही. फक्त तो शिवून मिळाला पाहिजे! कुठलंही गिऱ्हाईक आलं की मास्तर म्हणायचे, "झालंच समजा, फक्त काजं राहिलीत. उद्या या." दुसऱ्या दिवशी कॉलर राहिलेली असायची. तोंडावर सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि पाठ वळली की उद्यामास्तर. बिचाऱ्याचा यात कुणाला फसवायचा हेतू नसायचा. उद्या आपण नक्की करणार, असं त्यांना रोज मनापासून वाटायचं.

हाच मंत्र त्यांनी एकदा कर्जावरही चालवला होता. कापडाच्या कडा शिवायचं इंटरलॉकचं मशीन हप्त्यांवर घेतलं आणि वसुलीचा माणूस आला की त्याला स्टुलावर बसवून सांगायचे, "उद्या भरतो." कर्ज फिटलं सगळं, पण एकही हप्ता तारखेला गेला नाही. त्यामुळे बँकांच्या दप्तरी मास्तरांचं नाव असं काही खराब झालं होतं, की गेल्या वर्षी दोन बँकांनी त्यांना साधं खातंही नाकारलं होतं.

इतके दिवस खात्यावाचून काही अडलं नव्हतं, पण आता अडलं. मोठ्या हॉस्पिटलानं दोनशे चाळीस गणवेशांचं काम देऊ केलं होतं, तेही दर वर्षी! अट एकच. पैसे दुकानाच्या बँक खात्यात जमा होणार, आणि खात्याचा नंबर शुक्रवारी दुपारी तीनच्या आत कळवायचा. नाही कळवला तर काम समोरच्या शिंप्याला. मास्तरांना यासाठी चांगले आठ दिवस मिळाले होते. बायको रोज विचारायची, ते रोज म्हणायचे, "उद्या जातो." असं करता करता शुक्रवार उजाडला, आणि त्याच्यापुढे उद्या शिल्लक नव्हता.

बँकेत शिरल्या शिरल्या पहिली अडचण आली, ती म्हणजे रांग. रांगेत पाठ मागच्यालाच दिसते! मास्तर झटकन वळले आणि मागच्या आजोबांकडे तोंड करून उभे राहिले.

"काय हो?" आजोबा म्हणाले.

"काही नाही."

"मग माझ्याकडे काय बघताय? काउंटर तिकडे आहे!"

"असू दे. मला असंच बरं वाटतं."

रांग पुढे सरकली की मास्तर उलटे सरकायचे. आजोबांनी घाबरून आपली पिशवी छातीशी धरली. शेवटी मास्तर काउंटरवरच्या मॅडमना पाठमोरेच जाऊन भिडले आणि आयत्या वेळी गर्रकन वळले. आजोबांना अकरा टाचण्या दिसल्या. त्यांनी एकदा चष्मा पुसला आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले.

"दुकानाच्या नावानं खातं उघडायचंय," मास्तर भारदस्त आवाजात म्हणाले.

मॅडमनी कोटाकडे बघितलंच नाही! त्यांनी कागद मागितले, कॉम्प्युटरमध्ये नंबर घातला आणि पडद्याकडे बघून भुवया वर नेल्या. त्या तिथेच राहिल्या.

"छत्तीस हप्ते, छत्तीसच्या छत्तीस उशिरा?"

"पण भरले ना!"

"चौदाव्या हप्त्यासमोर शेरा आहे, 'कर्जदार पडद्यामागे लपले.'"

"ती ट्रायल रूम आहे हो!" मास्तर कळवळून म्हणाले. "मॅडम, दुपारी तीनपर्यंत नंबर द्यायचाय, नाहीतर वर्षाचं काम जाईल. काहीतरी करा!"

"माझ्या हातात नाही. मॅनेजर साहेबांनी ठरवलं तर होईल. ते आत आहेत, पण आज जरा चिडलेले आहेत, सांभाळून बोला."

मास्तरांनी कोट खाली ओढला, भिंतीला पाठ घासत केबिनपर्यंत गेले आणि दार ढकललं. आत एक गृहस्थ नुसत्या शर्टावर येरझाऱ्या घालत होते.

आता एक सांगायला हवं. मास्तरांची नजर गिऱ्हाइकाच्या कॉलरच्या वर कधी जात नसे. माणसाचं नाव, धंदा, चेहरा, काही म्हणून त्यांच्या लक्षात राहायचं नाही. लक्षात राहायची ती मापं. त्यांनी समोरच्या शर्टाकडे बघितलं. छाती बेचाळीस. पोट चव्वेचाळीस. डावा खांदा पाऊण इंच खाली.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. अख्ख्या गावात असा खांदा एकच होता, आणि त्याचाच कोट त्यांच्या अंगात होता!

"मास्तर!" साहेब ओरडले. पण रागानं नव्हे, आनंदानं! "अहो, तुम्ही स्वतः आलात! देवासारखे आलात! बाराला मुख्य कचेरीचे मोठे साहेब येतायत. आपल्या शाखेला बक्षीस आहे, फोटो आहे. सकाळी शिपाई पाठवला तर दुकान बंद! म्हटलं, संपलं सगळं. आणि तुम्ही कोट द्यायला घरून चालत आलात!"

"हो... म्हणजे... आलो."

"मी तुम्हाला काय काय बोललो हो मनातल्या मनात! कुठंय कोट?"

मास्तरांनी दाराकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. शेवटी स्वतःकडे बघितलं.

"आणलाय," ते म्हणाले.

"अहो, पण कुठंय?"

"घालून आणलाय. पिशवीत चुरगळला असता."

साहेबांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. निळा रंग ओळखला, बटणं ओळखली, मुलीनं हौसेनं निवडलेलं लाल अस्तरही ओळखलं. मग ते चक्क हात पसरून पुढे आले.

"गिऱ्हाइकाचा कोट चुरगळू नये म्हणून अंगावर घालून आणणारा शिंपी मी जन्मात पाहिला नाही! हात मिळवा मास्तर!"

"नको!" मास्तर किंचाळले.

पण साहेबांनी उजवा हात धरून प्रेमानं हलवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कोटाची अख्खी बाही साहेबांच्या हातात आली.

काल संध्याकाळी मास्तरांनी साहेबांना सांगितलं होतं, "झालंच समजा, फक्त बाही राहिलीये." आयुष्यात एकदा माणूस खरं बोलला होता, आणि नेमकं तेच त्याच्या अंगाशी आलं! बाही नुसत्या कच्च्या टाक्यावर होती.

साहेबांनी बाहीकडे बघितलं, मास्तरांना धरून गोल फिरवलं आणि अकरा टाचण्या मोजल्या. घड्याळात पावणेबारा झाले होते.

"काढा," ते शांतपणे म्हणाले. त्यांचा तो शांतपणा ओरडण्यापेक्षा वाईट होता. "आणि बसा. पंधरा मिनिटं आहेत. आज उद्या नाही, मास्तर!"

मास्तरांच्या कॉलरीत दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली असे. ते खुर्चीत बसले, मांडीवर कोट घेतला आणि सुई अशी चालली, की दारातून डोकावणाऱ्या मॅडमना फक्त हात दिसत होते, सुई दिसतच नव्हती! साहेब डोक्यावर उभे राहून मिनिटं मोजत होते. बाराला दोन कमी असताना मास्तरांनी दातानं दोरा तोडला. कपडा सांगितलेल्या वेळेच्या आधी देण्याचा हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. त्यांना घाम फुटला आणि थोडं रडूही आलं.

फोटो झकास झाला. साहेब ताठ मानेनं, छाती काढून उभे होते. मोठे साहेबही म्हणाले, "बाणेदार माणूस आहे!" टाचण्या काढताना मास्तरांनी दहाच मोजल्या होत्या, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

पाहुणे गेले. साहेब टेबलामागे येऊन बसले. टेबलावर बक्षिसाची ढाल होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वेळेवर कर्जवसुली'.

"मास्तर, तुमचा हात फार चांगला आहे," साहेब म्हणाले. "पण तुमच्या शब्दावर खातं कसं उघडू? बँकेचं सोडा. दोन महिन्यांत तुम्ही मलाच नऊ वेळा उद्या बोलावलंत!"

मास्तर मान खाली घालून बसले. दोनशे चाळीस गणवेश समोरच्या शिंप्याच्या दुकानात टांगलेले त्यांना दिसायला लागले होते. बायकोला काय सांगायचं? तिनं तर दोन बायका कामावर ठरवूनसुद्धा ठेवल्या होत्या.

"तुमच्या घरात दिलेला शब्द पाळणारं कोणीच नाही का हो?" साहेबांनी वैतागून विचारलं.

"आहे की सर," मॅडम दारातून म्हणाल्या. त्यांच्या हातात मास्तरांचा फॉर्म होता. "याच पत्त्यावर एक खातं आहे आपल्याकडे. यांच्या मिसेसचं. सात वर्षं दर एक तारखेला पैसे भरतात. एकदाही चुकल्या नाहीत. आणि यांच्या मशीनचे थकलेले शेवटचे चार हप्ते त्याच खात्यातून गेलेत."

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. ते शेवटचे चार हप्ते आपणच कधीतरी भरले असणार, असं ते इतकी वर्षं समजत होते.

फोन गेला. वीस मिनिटांत बायको आली. तिच्या पिशवीत सगळे कागद, त्यांच्या झेरॉक्स, चार फोटो आणि स्वतःचं पेनसुद्धा होतं. साहेब उठून उभे राहिले. दुकान बायकोच्या नावावर, खातं बायकोच्या नावावर, सही बायकोची! अडीच वाजता नंबर मिळाला, पावणेतीनला हॉस्पिटलात पोचला, काम पक्कं झालं.

परतताना मास्तर बायकोची पिशवी धरून चालत होते.

"तुझं खातं आहे, हे मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी?" ती म्हणाली. "आणि सांगितलं असतं तर एवढे हप्ते भरायला राहिले असते का पैसे?"

मास्तरांना फार वाईट वाटलं, आणि तिचा फार अभिमानही वाटला. आता सुधारायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. उद्यापासून!

महिन्याभरानं हॉस्पिटलाचे पहिले पैसे खात्यात जमा झाले. मास्तरांनी खुशीत येऊन बायकोपुढे कोरा चेक ठेवला. एक नवी मोठी कात्री त्यांनी कधीची हेरून ठेवली होती.

"तेवढी सही कर गं. मी आत्ता घेऊन येतो!"

बायको इंटरलॉकवर बसली होती. तिनं मशीन थांबवलं नाही, मान वर केली नाही.

"झालंच समजा," ती म्हणाली. "फक्त सही राहिलीये. उद्या या."