दोन तासांचे वाळवंट आणि एक न प्यायलेली कॉफी

वाळवंट अफाट असते आणि माणसाची रजा मोजकी असते. या दोन्ही गोष्टी वरून ठरून आलेल्या असल्यामुळे त्यांत बदल संभवत नाही. वादी रम या अरबी मुलखातल्या वाळवंटातील जीपचालकांच्या संस्थेने मात्र यातून मार्ग काढला आहे, आणि तो मार्ग बरोबर दोन तासांचा आहे.

पूर्वी हेच वाळवंट ओलांडायला उंटावरून चार दिवस लागत. त्यात तहान लागे, कंटाळा येई, आणि तिसऱ्या दिवसापासून माणूस स्वतःबद्दल विचार करू लागे. संस्थेने अभ्यासाअंती या तिन्ही गोष्टी वगळल्या. उरलेले वाळवंट एकशेवीस मिनिटांत सहज बसले, वर गाडीत चढायला-उतरायला वेळही राहिला.

तांबड्या टेकडीला वीस मिनिटे दिली आहेत (चढणे चौदा, फोटो पाच, उतरणे एक). उंटांची चित्रे कोरलेल्या खडकाला दहा. ही चित्रे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. फक्त उजवीकडचा खालचा उंट शाळा बुडवून आलेल्या एका मुलाने कोरलेला आहे, पण पाहुण्यांना नेमका तोच आवडत असल्याने संस्थेने ठराव करून त्यालाही प्राचीनात घेतले. पुढे दगडी कमान, आणि कमानीनंतर शांतता, तीन मिनिटे. शांतता आधी पाच मिनिटांची होती. परंतु चौथ्या मिनिटाला पाहुणे आपापसांत भांडू लागतात असे आढळून आले (पाहणी केलेली जोडपी सदतीस, न भांडलेली दोन, पैकी एक झोपलेले), म्हणून ती आखूड करण्यात आली. शांतता चालू असताना चालकाने इंजिन बंद ठेवावे आणि शांततेविषयी बोलू नये, असा नियम आहे. शेवटी काळा तंबू, त्यात एक अस्सल बदू, म्हणजे वाळवंटातला भटका अरब, आणि कॉफी. याला अठरा मिनिटे.

मुतलक या संस्थेचा तेवीस वर्षे चालक होता. गाडी क्रमांक अडतीस, पाळीही अडतिसावी. त्याने हे वाळवंट नऊ हजार वेळा दाखवले होते, त्यामुळे स्वतः बघायला त्याला सवड झाली नव्हती. माणूस सरळ, वेळेचा पक्का, आणि गेली दोन वर्षे अतिशय दुःखी. कारण त्याच्या मुलाचे, नव्वाफचे लग्न अडले होते.

मुलगी पसंत होती. मुलीला मुलगा पसंत होता. शैखा गावच्या शाळेत गणित शिकवायची, आणि या प्रकरणाला किती महिने झाले याचा हिशोब तिच्याइतका चोख कुणाकडेच नव्हता. अडले होते ते तिच्या आजोबांपाशी. हाजी फर्राज यांचे वय ब्याऐंशी होते आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचाच असे. पहिलाही बहुतेक त्यांचाच असे.

इकडे मागणी घालायची पद्धत सोपी आहे. मुलाकडची वडीलधारी मंडळी मुलीकडे जातात. यजमान कॉफी देतो. मुख्य पाहुणा बिनकानाचा तो छोटा पेला हातात घेतो आणि एक घोटही न घेता समोर जमिनीवर ठेवतो. पेला खाली गेला म्हणजे, आमचे काम आहे, ते होईपर्यंत कॉफी घेणार नाही. आता पाहुणा न पिता उठून गेला, तर यजमानाला चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून यजमान म्हणतो, प्या, तुमचे काम झाले. याच रीतीने इथे खून माफ झाले आहेत आणि विहिरी वाटल्या गेल्या आहेत. लग्न म्हणजे त्यापुढे किरकोळ बाब.

दोन वर्षांपूर्वी मुतलककडची अकरा माणसे रीतसर गेली. मुख्य पाहुणा म्हणून मुतलकचे थोरले भाऊ ऊदा यांना बसवले होते. ऊदा घराण्यातले सर्वांत भारदस्त गृहस्थ, आणि दुर्दैवाने संस्थेचे सर्वांत जुने चालक. तंबूत शिरायचे, पेला घ्यायचा, रिकामा करायचा आणि पाहुण्यांना गाडीकडे हाकायचे, हे त्यांच्या अंगात इतके भिनले होते की हाजी फर्राजनी पेला पुढे करताच त्यांनी तो एका दमात संपवला, बस झाली या अर्थाने डावी-उजवीकडे हलवून परत केला, आणि उठून म्हणाले, "चला, गाडीत बसा."

दहा माणसे उठली. (त्यातली नऊ चालक होती. दहावा मुतलक, तोही चालकच.) अंगणात गेल्यावर काय झाले ते सगळ्यांच्या ध्यानात आले. हाजी फर्राज दारातून म्हणाले, "कॉफी प्यायलात, तृप्त झालात. काम काही नव्हतंच म्हणायचं. या पुन्हा."

ते पुन्हा गेले. हाजींनी चहा दिला. आता चहाला कसलाही नियम नाही. चहा खाली ठेवला तर तो गार होतो, यापलीकडे त्याचा काही अर्थ लागत नाही. तिसऱ्यांदा गेले, तेव्हाही चहाच, वर साखर जास्त. मुतलकच्या हातात पाहुणा म्हणून हाजींचा कॉफीचा पेला पुन्हा पडला नाही. नव्वाफची आई जेवायला वाढता वाढता एवढेच म्हणायची, "तुमच्या खानदानाच्या हातात पेला आला की तो रिकामाच व्हायचा. तुम्हाला काय बोलायचं?" मुतलकला हे लागायचे, कारण ते खरे होते.

याच हाजी फर्राजना संस्थेने तंबूतल्या 'अस्सल बदू' या पदावर नेमले होते. ते मुळातच बदू असल्यामुळे प्रशिक्षणाची गरज पडली नाही. हाजींना मात्र या नेमणुकीची कल्पना नव्हती, किंवा असली तरी त्यांनी तिला मान्यता दिली नव्हती. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते आपल्या तंबूत बसत, आणि पाहुणे येत. अलीकडच्या पाहुण्यांना बसवत नाही, हे या पिढीचे काहीतरी दुखणे आहे असे त्यांचे मत होते.

पाहुण्यांना ते कॉफीच देत. त्यातून मोठा धोका संभवत होता. परदेशी माणसाला पेल्याचे काय माहीत? तो फोटो काढायला म्हणून पेला खाली ठेवणार, आणि हाजी विचारणार, काय काम आहे? म्हणून संस्थेने कलम चौदा केले होते : पाहुण्याने न पिता पेला खाली ठेवल्यास चालकाने तो तत्परतेने उचलून स्वतः प्यावा. मुतलकने आजवर पाहुण्यांच्या वाटच्या हजारो कॉफ्या प्यायल्या होत्या. डॉक्टरांना त्याच्या छातीतल्या धडधडीचे कारण सापडत नव्हते.

त्या दिवशी सकाळच्या फेरीला वाउटर नावाचे एक डच साहेब आणि त्यांच्या बाई आल्या. साहेब कालव्यांच्या दरवाजांचे इंजिनिअर. टेकडी चढले, प्राचीन उंट पाहिले (आवडला तो उजवीकडचाच), कमानीवर उभे राहिले, आणि शांततेत अडीच मिनिटे काढून सनस्क्रीन कुणी विसरले यावर बोलू लागले. सगळे नियमाप्रमाणे चालले होते. घड्याळात अठरा मिनिटे हातात ठेवून मुतलकने गाडी तंबूशी उभी केली.

हाजी फर्राजनी पेला भरला आणि साहेबांपुढे केला. साहेबांना डॉक्टरांनी कॉफी बंद केली होती. नाही म्हणणे बरे दिसणार नाही म्हणून त्यांनी तो आदराने दोन्ही हातांनी घेतला, हसले, आणि समोर वाळूवर ठेवून दिला.

मुतलकचा हात सवयीने पुढे गेला. आणि अर्ध्यावर थांबला. तेवीस वर्षांत त्याने संस्थेचे एकही कलम मोडले नव्हते. हात तसाच हवेत, पेला खाली, आणि हाजींची नजर पेल्यावर. मग मुतलकने तो हात मागे घेतला आणि स्वतःच्या गुडघ्यावर नीट ठेवला.

"मुतलक," हाजी म्हणाले, "पाहुण्याचं काम काय आहे?"

मुतलक घाबरला. त्याने खरे तेच सांगितले, की साहेबांना कॉफी वर्ज्य आहे.

"डॉक्टर," हाजी म्हणाले. "साठ वर्षं बघतोय. कुणाचं पोट दुखतं, कुणाचा दात दुखतो. लाजतात लोक काम सांगायला. अरे, एवढ्या लांबून माणूस दोन तासांसाठी वाळू बघायला येतो का? तूच सांग. काहीतरी अडलं असेल बिचाऱ्याचं. विचार त्याला."

हा युक्तिवाद बिनतोड होता. संस्थेने गेल्या तेवीस वर्षांत पाहुण्यांच्या वयाची, देशाची, बुटांच्या मापाची आकडेवारी गोळा केली होती, पण ते येतात कशाला, हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात नव्हता.

मुतलकने साहेबांना विचारले, आपली काही इच्छा आहे का? साहेबांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, वेळेवर परत गेलो तर बरे होईल. ही मागणी फारच लहान होती. एवढ्यासाठी कुणी पेला खाली ठेवत नाही. मुतलकने ती आपल्यापाशीच ठेवली. मग बाई पुढे वाकल्या. त्यांचा चेहरा मायाळू होता. त्या म्हणाल्या, या आजोबांना सांगा, त्यांच्या घरातल्या मुलाबाळांचं सगळं चांगलं होवो, एवढीच आमची इच्छा.

मुतलकने भाषांतर केले. भाषांतर जरा ऐसपैस झाले, हे मान्य करायला हवे. सर्वसाधारण शुभेच्छेत नेमके नाव-गाव घालावे लागले, कारण अरबीत मोघम बोललेले हाजींना आवडत नसे.

"हाजीकाका," तो म्हणाला, "पाहुणे म्हणतात, तुमच्या घरातल्या मुलीचं भलं व्हावं. शैखाचं. आमच्या नव्वाफशी."

तंबूत शांतता पसरली. ही शांतता कार्यक्रमात नव्हती आणि ती तीन मिनिटांपेक्षा बरीच जास्त टिकली. साहेब मान वर करून तंबूची वीण पाहत होते. पडद्याआड कॉफीचे दाणे कुटण्याचा आवाज चालला होता, तो थांबला. सुटीच्या दिवशी आजोबांना कॉफी कुटून द्यायला शैखा येत असे.

हाजींनी साहेबांकडे पाहिले, मग मुतलककडे. मुतलककडे जरा जास्तच वेळ पाहिले.

"तू मागितली असतीस तर दिली नसती," ते म्हणाले. "तुम्हा लोकांना पेला धरता येत नाही. पण हा पाहुणा. समुद्रापलीकडून आलाय, डॉक्टरचं निमित्त करून बसलाय, पण पेल्याला हात लावत नाही. कुणीतरी शिकवलेला दिसतोय." मग त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "सांग त्याला, पी म्हणावं. काम झालं."

मुतलकला हुंदका आला. त्याने तो खोकल्यात घालवला आणि साहेबांना सांगितले, की आता मात्र कॉफी प्यावीच लागेल. साहेब म्हणाले, डॉक्टर? मुतलक म्हणाला, "साहेब, मी तुमच्या पाया पडतो." साहेब घाबरून प्यायले. हाजींनी पुन्हा भरला, पुन्हा प्यायले. पेला हलवायचे त्यांना माहीत नव्हते, म्हणून पाच झाले. पडद्याआडून आनंदाची एक लांब, उंच ललकारी उठली. ती गावात पोचली, आणि गावातून माणसे निघाली. त्यांत ऊदा सर्वांत पुढे होते. कुणी साहेबांच्या खांद्याचे मुके घेतले, कुणी बाईंच्या हातात खजूर कोंबले. हाजींनी निरोप दिला की लग्नात मानाची जागा यांचीच. मुतलकने सांगितले, "पुन्हा या म्हणतायत." साहेब म्हणाले, हो हो, नक्की. असे सगळेच म्हणतात.

सहल एकेचाळीस मिनिटे लांबली. संस्थेने नियमाप्रमाणे मुतलकला पाळीच्या यादीत अडतीसवरून शेवटी, एकशे सहावर नेले. कलम चौदाच्या भंगाबद्दल लेखी खुलासा मागवला. मुतलकने खुलाशात फक्त लग्नाची तारीख लिहून दिली.

लग्न झाले. मांडवात सर्वांत वरच्या बाजूला एक गादी-तक्क्या मोकळा ठेवला होता. त्यापुढे कॉफीचा भरलेला पेला होता, आणि हाजींनी तो कुणाला हलवू दिला नाही. तिकडे वाउटरसाहेबांनी संस्थेचा अभिप्राय-अर्ज निघण्यापूर्वीच भरून दिला होता. संस्मरणीय क्षण : कमान. सुधारणेसाठी सूचना : तंबूत चालक व वृद्ध गृहस्थ बराच वेळ आपापसांत बोलत राहिले, त्या वेळेचा अधिक चांगला उपयोग करता येईल. संस्थेने सूचनेची गंभीर दखल घेतली असून तंबूची मिनिटे अठरावरून बारावर आणण्याचे घाटत आहे.

साहेबांवर हसण्याचे कारण नाही. वाचकहो, तुम्हीही कुठे ना कुठे अशा सहलीला जाऊन आलाच आहात. तुमचा चालकही कुणा म्हाताऱ्याशी तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत बोलत बसला होता. तुम्ही घड्याळ पाहत होतात. मग अचानक सगळे उठून तुमचे हात हातात घेऊ लागले, आणि तुम्ही कशाला ते न विचारता हसून मान डोलावलीत. तुम्ही त्या दिवशी काय मागितलेत हे तुम्हाला कुणी सांगितले नाही, पण ते मिळाले आहे. तिथे कुणाच्या तरी घरात अजून तुमचे नाव, जमेल तशा उच्चारात, घेतले जाते. आणि तुम्ही घरी परतून विचारणाऱ्याला सांगता, की तिथे बघण्यासारखे फारसे काही नाही, दोन तास पुरतात.