जलनगरीतलं छबुबाई बेपत्ता प्रकरण

मी गहिनीनाथ. नेकनूर पट्ट्यात मला न ओळखणारी माणसं आहेत, पण ती फारशी महत्त्वाची नाहीत. हुद्द्यानं मी आमच्या सहकारी साखर कारखान्याचा सुरक्षा पर्यवेक्षक आणि पिंडानं गुप्तहेर. पाऊस नसल्यानं कारखान्यात दोन हंगाम उसाचं टिपरूही आलेलं नाही. त्यामुळं मी ज्याची राखण करतो तिथं चोरण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि माझ्या पहाऱ्यात एकही चोरी झालेली नाही. ही गोष्ट चेअरमनसाहेब प्रत्येक सभेत सांगतात आणि लोक टाळ्या वाजवतात.

या भागातली सगळी प्रकरणं मी सोडवलीत. राहिलं फक्त एक, कारखान्यातली साखर कुठं गेली ते. तो तपास मी स्वतःहून सोडला. संशयितांमध्ये एकापाठोपाठ एक माझे वरिष्ठच निघायला लागले, आणि वरिष्ठांवर संशय घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

आता छबुबाई प्रकरणाकडं येतो. छबुबाई म्हणजे माझी आई.

भादवा संपत आला होता. आमच्या खडकवस्तीची विहीर उन्हाळ्यापासून कोरडी. वस्तीला सरकारी टँकर मंजूर होता. मंजूर म्हणजे कागदावर रोज यायचा आणि वस्तीवर मनात आलं तर. पोळ्यापासून त्याच्या मनात आलंच नव्हतं. बायका लांबून डोक्यावर पाणी आणायच्या, ते प्यायला आणि जनावराला पुरायचं नाही, तर धुण्याचं नाव कोण काढणार?

पण आईनं काढलं. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण, गोधड्या, चिंध्या धुऊन वाळवून दसरा काढायचा, ही आमच्याकडची रीत. नवी नवरी होऊन आली तेव्हापासून आईनं एकही घट चुकवला नव्हता. यंदा तिनं ओसरीत बसून जाहीर केलं, "दसरा काढल्याबिगर मी घट बसवायची न्हाई. आन घट न्हाई बसला तर मी ह्या घरात जेवायची न्हाई."

आई बोलते ते करते. माझे वडील, अण्णा, गेले त्या वर्षी तिनं मिठाशिवाय जेवीन म्हटलं आणि वर्षभर जेवली. माझ्या बायकोनं, सत्यभामानं, डोळ्याला पदर लावला आणि माझ्याकडं बघितलं. मी समजावलं की पाण्याचा विषय शासनाच्या अखत्यारीत येतो. त्या रात्री मला ताट जरा उशिरा मिळालं.

तेवढ्यात मांजरसुंब्याहून अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण कौशल्याबाई. तिच्या सासऱ्याचं पितर होतं, सगळ्यांनी जेवायला या म्हणाली. शिवाय दुसऱ्या दिवशी गंगासागर जलनगरीला, म्हणजे तिथल्या वॉटर पार्कला, जायचं होतं. आमचे दाजी बंकटराव ढाबा चालवतात आणि दूध संघाचे संचालकही आहेत. संघाला दूध मिळत नव्हतं, पण संचालकांना जलनगरीचे कुटुंबासह पास मिळाले होते. जलनगरी आमच्या कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या मेव्हण्याची. त्यांच्या मातोश्रींचं नाव तिला दिलंय.

मी दाजींना विचारलं की असल्या दुष्काळात तिथं पाणी कुठून येतं. ते म्हणाले, मनोरंजनाचं पाणी येगळं असतंय. मला हे शास्त्रीय वाटलं. आईनं मात्र फोन हातात घेऊन एकच विचारलं, तिथं पाणी लई असतंय का. दाजी म्हणाले, दर्या हाय दर्या. आईनं फोन ठेवला आणि आत गेली. बराच वेळ दोघी सासूसुना आत काहीतरी बांधत होत्या. बायकांची तयारी म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही.

जीपमध्ये मला मागची जागा मिळाली. तिथं एक भलंमोठं गाठोडं होतं. आई म्हणाली, बस बाबा त्याच्यावर, मऊ हाय. पोरगं कितीही मोठ्या हुद्द्यावर गेलं तरी आईला त्याची काळजी असते, या विचारानं मी अंग सैल सोडलं. मांजरसुंब्यापर्यंत मी त्या गाठोड्यावर छान डुलकी काढली.

पितराची खीर, वडे, आमटी झाली. सकाळी सगळे जलनगरीच्या फाटकावर. तिथं बिभीषण नावाचा रखवालदार उभा होता, म्हणजे आमचा व्यवसायबंधू. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही म्हणून त्यानं आमच्या भाकरी, ठेचा, कांदे काढून ठेवले. मग त्यानं त्या गाठोड्याला काठी टोचली आणि आत काय आहे असं विचारलं.

मी पुढं झालो. ओळख दिली. म्हणालो, "मी स्वतः यावर बसून आलोय. खायची वस्तू असती तर मला वासानं कळलं असतं." बिभीषणानं गाठोडं आत जाऊ दिलं. आईनं माझ्याकडं फार मायेनं बघितलं. एवढ्या मायेनं तिनं मी नोकरीला लागलो तेव्हाही बघितलं नव्हतं.

आत गेल्यावर पुरुष मंडळी आणि लेकरं भाड्याच्या चड्ड्या घालून लाटांच्या हौदात उतरली. भोंगा वाजला की लाटा यायच्या. दाजी गळ्यातली साखळी दातात धरून तरंगत होते. मीही तरंगलो. वस्तीवर तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकणारा माणूस मी. खरं सांगतो, सुरुवातीला छातीत काहीतरी टोचलं. मग लाट आली आणि टोचणं गेलं.

वरच्या उंच घसरगुंडीच्या कठड्यावर रंगीबेरंगी कापडं टांगलेली दिसली. चौकटीचौकटीची, कडेला काळी किनार. ऐन पितरात सजावट करतात, माणसं हौशी आहेत, असं मी दाजींना म्हणालो. थोड्या वेळानं बघतो तर सजावट वाढत चाललेली.

मग भूक लागली. भूक लागल्यावर आमच्या लक्षात आलं की बायका नाहीत. आई नाही, सत्यभामा नाही, अक्का नाही. माझी लेक अंजना म्हणाली, आजी मघाशीच मागं गेलती. लेकराच्या जबानीवर तपास उभा करायचा नसतो, म्हणून मी तिला आईस्क्रीम देऊन गप्प बसवलं.

माझा पहिला सिद्धांत असा की आई घसरगुंडीच्या नळीत अडकली असणार. मी घसरगुंडी बंद करायला लावली आणि विजेरी घेऊन नळीत शिरलो. मधल्या वळणावर अडकलो तो मीच. वरून पाणी सोडलं तेव्हा बाहेर पडलो, चड्डी थोडी मागाहून आली. आई नळीत नव्हती, एवढं मात्र निश्चित झालं.

दुसरा सिद्धांत राजकीय होता. दूध संघाची निवडणूक तोंडावर. विरोधी गटानं दाजींचं मत फोडण्यासाठी अक्काला पळवलं आणि साक्षीदार नकोत म्हणून आई आणि सत्यभामालाही नेलं. दाजींना हे लगेच पटलं. त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "बे गहिन्या, पण माझं मत तर मी आधीच दोन्हीकडं देऊन बसलोय." मग हा सिद्धांत सोडावा लागला.

आम्ही मागच्या फाटकाकडं गेलो. तिथं एक टँकर भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'टंचाई निवारण. पिण्याचे पाणी. खडकवस्ती.' माझ्या डोक्यात वीज चमकली. आमच्याच वस्तीचा टँकर इथं काय करतोय? उत्तर उघड होतं. आईला यातूनच पळवून नेणार होते. मी शिडीवरून वर चढलो, झाकण उघडलं, आत विजेरी मारली. आई नव्हती. टँकर नुकताच रिकामा झालेला होता, म्हणजे त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. पलीकडून धपाधप आवाज येत होता. पंपाचा असावा.

खाली उतरताना माझी नजर टँकरखालून वाहणाऱ्या फेसाळ ओघळावर गेली. त्यात एक खाकी चिंधी वाहत आली. ती उचलून निरखून बघितली. ती कारखान्याच्या गणवेशाची चिंधी होती. खिशावर आमचं बोधचिन्ह, खाली शाईचा डाग. म्हणजे कारखान्याच्या सुरक्षा खात्यातल्या माणसाचा घातपात झाला होता. सुरक्षा खात्यात माणूस एकच. शाईचा डागही माझ्याच पेनाचा. मी शांतपणे सगळे दुवे जोडले. कितीही उलटसुलट विचार केला तरी पुरावे एकाच गोष्टीकडं बोट दाखवत होते, खून माझाच झाला होता.

दाजींनी मला चिमटा काढून बघितला. मी ओरडलो, तरी मला पूर्ण खात्री वाटेना.

तेवढ्यात बिभीषण धावत आला. धापा टाकत म्हणाला, "साहेब, तुमची म्हातारी टँकरच्या पलीकडं धुणं धूतीया. वरची सगळी घसरगुंडी गोधड्यांनी भरली. चला, आमचे मॅनेजर अप्पा लई तापलेत."

टँकरला वळसा घालून गेलो. आई लुगडं खोचून दगडावर गोधडी धोपटत होती. सत्यभामा आणि अक्का खळबळून काढत होत्या. कुठल्या कुठल्या गावच्या, पार चकलांब्याकडच्या बाया मनोरंजनाला आलेल्या, त्याही पदर बांधून मदतीला उभ्या. फेस गुडघ्यापर्यंत. आमच्या घरातली एकूण एक गोधडी तिथं होती. माझ्या जुन्या गणवेशाचं ठिगळ असलेलीही. मी जिच्यावर झोपून आलो तीसुद्धा.

झालं होतं ते असं. आई आत शिरली ती सरळ मागं गेली. तिथं तिला टँकर दिसला आणि त्याचा चालक सटवा दिसला. सटवा आमच्याच वस्तीवरचा. तो मान खाली घालून म्हणाला, काकू, मला जिथं सांगतेत तिथं मी ओततो. आई म्हणाली, मंग आता मी सांगते, हितं ओत. सटवानं ओतलं.

जलनगरीचे व्यवस्थापक मन्मथअप्पा कपाळावर भस्माचे पट्टे आणि त्याखाली भलताच राग घेऊन उभे होते. हे पाणी मनोरंजनाचं आहे, धुण्याचं नाही, दंड होईल, पोलीस बोलवीन, असं सगळं ते म्हणाले. मी त्यांची बाजू योग्य असल्याचं मान्य केलं. सुरक्षेच्या माणसानं नियमाबरोबर उभं राहायचं असतं.

आईनं हातातली गोधडी खाली ठेवली नाही.

"सटवा," ती म्हणाली, "टँकरवर काय लिवलंय ते वाच. मोठ्यांदा वाच, ह्या सगळ्या बायांना ऐकू जाऊ दे."

सटवानं वाचलं. पिण्याचे पाणी. खडकवस्ती.

"आमच्या वाट्याचं पाणी आमच्या गोधड्यांला लावलं," आई म्हणाली. "पोळ्यापून माझी सून कोसावरनं हंडे वाहती. केस जाऊन तिच्या डोक्याला चाई पडली. ह्या पाण्यात तुमी माणसं खेळवता का म्हून?"

लाटांच्या हौदाकडून भोंगा वाजला, पण तिकडं कुणी बघितलं नाही. मन्मथअप्पांनी इकडंतिकडं बघितलं, बायांची गर्दी बघितली, आणि दंडाचा विषय काढायचं विसरले. आमच्या भाकरी परत मिळाल्या. वर सगळ्यांना आईस्क्रीम.

मी आईजवळ जाऊन हळूच म्हणालो की नुसत्या अक्षरांवरून काही सिद्ध होत नाही, पुरावा लागतो. आईनं ओल्या गोधडीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, पीळ. मी पिळत राहिलो. ती उलट्या बाजूनं पिळत होती आणि तिच्या हातात माझ्यापेक्षा जोर होता. पाणी माझ्याच पायावर पडत होतं.

बायांनी ही गोष्ट गावोगाव पोचवली. घटस्थापनेच्या सकाळी चेअरमनसाहेब फुलांच्या माळा घातलेला भरलेला टँकर घेऊन स्वतः खडकवस्तीवर आले. बरोबर फोटोवाला. साहेबांनी याला जलदान म्हटलं आणि नारळ फोडला. मग भाषणात सांगितलं की वस्तीचा टँकर इतके दिवस कुठं जात होता याची सखोल चौकशी होईल. त्यासाठी त्यांनी एकसदस्यीय समिती नेमली. सदस्य मी. साखरेच्या वेळी दाखवलेली सचोटी लक्षात घेऊन नेमल्याचं ते म्हणाले. मला हार घातला. सत्यभामा मागं उभी राहून बघत होती, टाळी काही वाजवली नाही.

मी हार घेऊनच घरात गेलो. आईनं घट बसवला होता. काळ्या मातीवर मडकं, मातीत धान्य, आणि भिंतीला धुतलेल्या गोधड्यांची चळत. माझ्या नेमणुकीची बातमी तिनं ऐकली. मग टँकरच्या पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

"घाल घटाला," ती म्हणाली. "आन घालताना बघ, कुठून आलं ते."

मी तपासनीसाच्या नजरेनं बघितलं. पाणी निळसर दिसत होतं, त्याला औषधाचा उग्र वास येत होता. वर एक पिवळा प्लॅस्टिकचा पट्टा तरंगत होता, जलनगरीच्या फाटकावर मनगटाला बांधतात तसा. मी तो पुरावा म्हणून खिशात घातला आणि घटाला पाणी घातलं. वस्तीवर कुणाचा पट्टा हरवला असेल तर त्यानं ओळख पटवून माझ्याकडून घेऊन जावा.