टिटवीची किंकाळी आणि कासवांचं एकमत

एका जंगलात धोंडू नावाचा टिटवा आणि साळू नावाची टिटवी राहत होती. राहत होती म्हणजे काय, बाळांनो, हाकलतील तोवर टिकत होती.

टिटवी ओरडली की कुणीतरी मरतं, असं जंगलात सगळे म्हणायचे. आता जंगलात रोज कुणी ना कुणी मरतंच. पण बोल लागायचा साळूला. त्यातून टिटवीची जात अंडी घालते ती उघड्या जमिनीवर. दोन खेपांची अंडी तर कुणाकुणाच्या खुरांखाली गेली होती. साळू रडायला लागली की लोक म्हणायचे, बघा, पुन्हा ओरडतेय.

तिसऱ्या खेपेला दिवस भरत आले तेव्हा धोंडू म्हणाला, "ओढ्यापल्याड कासवांची वस्ती आहे. ती कुणाला मारत नाहीत म्हणे."

"मग त्यांना कुणी मारत कसं नाही?"

"ते मी विचारलं नाही."

दोघं गेली. बघतात तर काय, सगळी एकजात मातकट. ना तुरा, ना ठिपका, ना नखरा. एका कासवाच्या पोरीच्या पाठीवर पळसाचं फूल पडलं होतं, तर आईने ते अलगद काढून खाली ठेवलं. वस्तीत राजा नाही, पुजारी नाही, शकुन नाही, मुहूर्त नाही. सिंह पाण्यावर आला तरी त्याला "तू"च म्हणायची. सुट्टीच्या दिवशी माकडं टोळीने यायची, "अगंबाई, किती साधी ही!" म्हणायची आणि केळ्यांची सालं तिथेच टाकून जायची.

गंगू नावाची म्हातारी कासवीण पुढे आली. म्हणाली, "ये गं, बस तू."

साळूला राग आला. ओळख ना पाळख, एकदम अगं-तुगं! पण गरजवंताला राग परवडत नाही. तिने अंड्यांपुरती वाळू मागितली.

गंगूने रीत सांगितली. सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं. ज्याला आतून बोलावंसं वाटेल, त्याने बोलायचं. सगळ्यांचं मन एक झालं की ठरलं. एकालाही नको वाटलं तरी थांबायचं. एवढं सांगून तिने मान आत घेतली. सगळ्यांनीच घेतली. वाळूवर नुसत्या पाठी उरल्या.

साळूच्या माहेरी असं तोंड फिरवलं की तो नकार समजायचे. ती घाबरली. म्हणाली, "पोटातल्या पोरांची शपथ, मी आवाज म्हणून करणार नाही."

गंगूची मान बाहेर आली. "शपथ नको घेऊस, बाई. शपथेवर खरं बोलतेस, मग एरवी काय बोलतेस?"

मान आत.

अडत होतं ते भिकोबा नावाच्या जुन्या कासवापाशी. त्याचं म्हणणं, हिचं बोलणं नुसतं चोचीतून येतं, आतून येत नाही. झालं. बैठक लांबली. धोंडूने एक डुलकी काढली. पण अंडी काय ठराव होईपर्यंत थांबतात? साळूने तिथेच चार घातली.

तेवढ्यात रानडुकरांची पलटण आली. सिंहाची लढाई चालू होती. कुणाशी, ते सिंहालाही आठवत नव्हतं. पलटणीला जवळची वाट हवी होती आणि जवळची वाट नेमकी अंड्यांवरून जात होती.

साळूच्या गळ्याशी किंकाळी आली. ओरडावं तर जागा जाते. गप्प बसावं तर अंडी जातात. ती अंड्यांवर पंख पसरून उभी राहिली. आणि ओरडली. अशी ओरडली की ओढ्यातले मासे तळाला गेले.

सगळ्या माना बाहेर आल्या. साळूने डोळे मिटून घेतले, आता हाकलतील. पण कुणी रागावलं नाही. भिकोबा डोळे पुसत म्हणाला, "आता बोलली बघा आतून."

मग कासवं उठली. उठली म्हणजे सरकली. अंड्यांभोवती पाठीला पाठ लावून बसली.

डुकरांचा सुभेदार गुरगुरला, हुकूम आहे, बाजूला व्हा.

"बस तू," गंगू म्हणाली. "सगळ्यांना विचारते." आणि मान आत घेतली.

सुभेदाराला आजवर कुणी "बस" म्हटलं नव्हतं. तो बसला. पलटण बसली. त्याने विचारलं, तुमचा मुख्य कोण? मुख्य नव्हता. मग नकार कुणाचा? नकारही कुणाचा नव्हता. बसल्या बसल्या एकाला आपली पिल्लं आठवली, तो उठून गेला. दुसऱ्याला रताळी आठवली. उन्हं कलली तेव्हा सुभेदार मागे वळून बघतो, तर पलटणीत तो एकटाच.

तो काकुळतीला येऊन म्हणाला, "म्हातारे, निदान नाही तरी म्हण. म्हणजे मला लढता येईल."

गंगू म्हणाली, "नाही म्हणायला अजून एकमत झालेलं नाही."

सुभेदार लांबच्या वाटेने घरी गेला.

पुढे चारही अंडी फुटली. चार पिल्लं झाली आणि चारही आईच्या वळणावर गेली. रोज पहाटे ती किंचाळतात. कासवं गोल बसून, माना खाली घालून ऐकतात. तिसऱ्याचं बोलणं फार खोल असतं, असं भिकोबा म्हणतो. पिल्लं एवढंच म्हणत असतात की भूक लागली. पण साळू कशाला सांगतेय? जन्मात पहिल्यांदा तिच्या घरच्या ओरडण्याला कुणी अशुभ म्हणत नव्हतं.

तात्पर्य: आजचं काम उद्यावर ढकलू नये, असं थोर लोक सांगतात. थोर लोकांचं काम बहुतेक लढाईचं असतं, म्हणून ते जरूर ढकलावं.